सरासरी कोणत्या गावाची?

एखाद्या महिन्याची थंडी सरासरीपेक्षा कमी होती असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या विधानात दोन आकडे असतात: त्या महिन्यात प्रत्यक्ष मोजलेले तापमान आणि ज्याच्याशी त्याची तुलना केली ते दीर्घकालीन तापमान. पहिल्या आकड्याची चर्चा होते, त्यावर मथळे सजतात. दुसरा आकडा कोठून आला, कोणत्या ठिकाणचा आणि कोणत्या वर्षांचा आहे, हे विचारण्याची पद्धत मात्र फारशी रूढ नाही. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके या दृष्टीने मुद्दाम अभ्यासावेत असे आहेत, कारण ते कोकणात असूनही समुद्रकाठी नाहीत, सह्याद्रीला टेकलेले असूनही घाटावरचे नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्या हिवाळ्याला लावली जाणारी सरासरी बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाची तरी असते.

फेब्रुवारी २०२५ हे त्याचे ताजे उदाहरण. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नोंदींनुसार त्या महिन्यात देशाचे मध्यम तापमान, म्हणजे दिवसाचे कमाल आणि रात्रीचे किमान यांच्या मधोमध येणारे तापमान, २२.०४ अंश सेल्सियस होते. ते दीर्घकालीन सरासरीपेक्षा १.३४ अंशांनी अधिक असल्याने १९०१ पासूनच्या सर्व फेब्रुवारींमध्ये तो सर्वांत उष्ण ठरला. त्याआधी दोनच वर्षे, फेब्रुवारी २०२३ मध्ये, देशाच्या कमाल तापमानाची सरासरी २९.५४ अंशांवर जाऊन तिने १९०१ नंतरचा उच्चांक नोंदवला होता. २०२५ च्या फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात मुंबईसह कोकणाच्या काही भागांना उष्णतेच्या लाटेचा इशारा देण्यात आला आणि सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ३८.७ अंशांपर्यंत चढला. हे सर्व आकडे खरे आहेत व चिंतेचेही आहेत. तथापि कर्जतजवळच्या खाचरात वाल घेणाऱ्या शेतकऱ्याने किंवा खालापुरातील आंबा बागायतदाराने त्यांतून आपल्या महिन्याविषयी नेमके काय समजावे, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांत नाही. देशाची सरासरी काश्मीर व कन्याकुमारी एकाच तागडीत घालते आणि सांताक्रूझचा पारा सांताक्रूझपुरताच बोलतो.

दीर्घकालीन सरासरी ही निसर्गाने घालून दिलेली मर्यादा नाही, तो माणसांनी आपसांत केलेला करार आहे. देशोदेशीच्या हवामान खात्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १८७३ मध्ये स्थापन झाली, आणि त्या संघटनेने १९३५ च्या वॉर्सा येथील परिषदेत तुलनेसाठी १९०१ ते १९३० हा तीस वर्षांचा काळ प्रमाण धरला. तीसच का, याचे उत्तर भौतिकशास्त्रात शोधून सापडत नाही; पुरेशा देशांकडे एकसारख्या नोंदी तेव्हा तेवढ्याच काळाच्या होत्या आणि एखाद्या विक्षिप्त वर्षाने सरासरी बिघडू नये इतका तो काळ लांब होता, एवढेच त्यामागचे व्यावहारिक कारण. पुढे १९३१ ते १९६०, मग १९६१ ते १९९० असे एकामागून एक तीस-तीस वर्षांचे गट आले. २०१५ मध्ये जागतिक हवामान संघटनेने हा आधारकाळ दर दहा वर्षांनी पुढे सरकवावा असे ठरवले, आणि आज तापमानासाठी १९९१ ते २०२० हा काळ वापरला जातो. आधारकाळ सरकला की मोजपट्टीही सरकते. नैर्ऋत्य मोसमी पावसाची देशाची दीर्घकालीन सरासरी १९६१ ते २०१० या काळावरून ८८०.६ मिलिमीटर होती. २०२२ मध्ये १९७१ ते २०२० हा काळ धरल्यावर ती ८६८.६ मिलिमीटर झाली. म्हणजे जो पाऊस जुन्या मोजपट्टीने किंचित अपुरा ठरला असता, तोच नव्या मोजपट्टीने पुरेसा ठरू शकतो, आणि यात कोणी लबाडी केलेली नसते.

तापमानाच्या बाबतीत हे सरकणे अधिक घातक आहे, कारण तेथे मोजपट्टी एकाच दिशेने, वरच्या बाजूला, सरकते आहे. १९९१ नंतरची वर्षे आधीच्या वर्षांहून उबदार असल्याने त्यांच्यावर बेतलेली सरासरीही उबदार आहे. तिच्याशी तुलना करून एखादा डिसेंबर 'सरासरीइतका' निघाला, तर तो आजोबांच्या पिढीच्या हिशेबाने उबदारच असण्याची शक्यता मोठी. शेतीच्या दैनंदिन निर्णयांसाठी अलीकडची सरासरी उपयोगी पडते, यात वाद नाही. पण हवामान बदलले किंवा नाही हे ठरवताना तीच वापरणे म्हणजे चालत्या गाडीत बसून प्रवास किती झाला हे आसनाच्या अंतराने मोजण्यासारखे आहे. दोन्ही मोजपट्ट्या शेजारीशेजारी द्याव्यात, एक सरकती आणि एक स्थिर, हाच त्यावरचा प्रामाणिक उपाय होय.

येथे शब्दाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. इंग्रजीत या संकल्पनेसाठी जो शब्द रुळला, त्यात 'स्वाभाविक' किंवा 'असायला हवे तसे' अशी छटा दडलेली आहे. मराठी वृत्तपत्रांनी त्याच्या जागी फारसीतून आलेला 'सरासरी' हा शब्द वापरला, तो अधिक सरळ आहे. सरासरी म्हणजे बेरीज करून भागाकार केला तेव्हा आलेली संख्या, त्यापलीकडे काही नाही. ज्या दिवशी तापमान नेमके सरासरीइतके असते असे दिवस महिन्यात मोजकेच असतात. हवामान विभागाच्या वर्गीकरणातही सरासरीच्या दोन्ही बाजूंना दीड अंशापर्यंतचा फरक सर्वसाधारण मानला जातो, आणि त्यापुढे १.६ ते ३ अंश, ३.१ ते ५ अंश अशा पायऱ्या लावून मगच चढउताराला नाव दिले जाते. बातम्यांत मात्र अर्ध्या अंशाच्या फरकावरूनही थंडी गायब होते आणि दुसऱ्या दिवशी परतते.

हिवाळ्याचा महिना कोणता, हेही पहिल्यांदा वाटते तितके सरळ नाही. हवामान विभागाच्या ऋतुविभागणीत जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोनच महिने हिवाळ्याचे आहेत. डिसेंबर हा ऑक्टोबर व नोव्हेंबरसह मोसमी पावसानंतरच्या काळात मोडतो, त्यामुळे ज्या महिन्यात कर्जतच्या बाजारात स्वेटर विकले जातात तो सरकारी हिशेबाने हिवाळाच नव्हे. लोकव्यवहारातील ऋतू पंचांगाचे: मार्गशीर्ष-पौष हा हेमंत आणि माघ-फाल्गुन हा शिशिर. परंतु चांद्र महिना दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे येतो आणि अधिक मास घालून पुन्हा पुढे ढकलला जातो, त्यामुळे 'यंदा पौषात थंडीच नव्हती' या तक्रारीतील पौष गेल्या वर्षीच्या पौषाशी तारखेने जुळेलच असे नाही, आणि दोन-तीन आठवड्यांचा हा फरक एखाद-दोन अंशांचा खेळ सहज करू शकतो. संक्रांत सौर असल्याने तिच्यावरून केलेली तुलना त्या मानाने भरवशाची. तिळगुळाचा सण या बाबतीत पंचांगातला सर्वांत शास्त्रशुद्ध खुंट म्हणावा लागेल.

आता स्थळाकडे वळता येईल. कर्जत हा उल्हास नदीच्या वरच्या खोऱ्याचा प्रदेश. पश्चिमेला माथेरानचा डोंगर, पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग, दक्षिणेला बोरघाट. खालापूर त्याला लागून, पाताळगंगेच्या खोऱ्यात. दोन्ही ठिकाणी पावसाळा तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी ओततो आणि त्यामुळे हा प्रदेश ओला म्हणूनच ओळखला जातो. हिवाळ्यात मात्र त्याचा स्वभाव पालटतो. समुद्रकाठच्या गावांत दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे पारा चढू देत नाहीत आणि रात्री समुद्राची ऊब तो उतरू देत नाही. कर्जतपर्यंत पोहोचेतो खारे वारे उशिराचे व थकलेले असतात, मधल्या डोंगरांनी अडवलेलेही असतात. त्यामुळे दुपार अधिक तापते. सूर्य मावळल्यावर कोरड्या, निरभ्र आकाशाखाली जमीन आपली उष्णता वेगाने सोडते, तिच्या लगतची हवा गार व जड होते आणि माथेरानच्या व सह्याद्रीच्या उतारांवरून ती पाण्यासारखी खोऱ्यात ओघळते. शालेय भूगोलात यांनाच पर्वतीय वारे म्हणतात. खोऱ्याच्या तळाशी गार हवा आणि तिच्यावर उबदार हवा, अशी नेहमीच्या उलट रचना तयार होते, तिला तापमानाची विपरीतता असे नाव आहे. पहाटे नदीकाठी धुके दाटलेले आणि वरच्या वाडीवर लख्ख ऊन, हे दृश्य याच विपरीततेचे. त्यामुळे उंचावर थंडी जास्त हा सर्वपरिचित नियम हिवाळ्यातल्या पहाटे काही तास मोडलेला असतो.

याला पूर्वेकडचे वारे आणखी एक वळण देतात. हिवाळ्यात दख्खनच्या पठारावरून कोरडी हवा पश्चिमेकडे वाहते. लोणावळ्याची उंची सुमारे सव्वासहाशे मीटर. तेथून घाट उतरून खोपोलीच्या पायथ्याशी येताना ही हवा पाचशे मीटरहून अधिक खाली येते, वाढत्या दाबाने आकुंचन पावते आणि दर शंभर मीटरला साधारण एका अंशाने तापते. म्हणजे पठारावर सुखद वाटणारी दुपारची हवा घाटाच्या पायथ्याशी पाच अंशांनी गरम होऊन पोहोचू शकते. एकाच फेब्रुवारीत, एकाच दिवशी, पहाटे शेकोटी आणि दुपारी पंखा, अशी जी अवस्था या दोन तालुक्यांत दिसते, ती हवामान बिघडल्याचे लक्षण नसून या जागेचा मूळ धर्म आहे. बदल झाला असेल तर तो या धर्माच्या आत, म्हणजे पहाट किती गार आणि दुपार किती तप्त या दोन टोकांत, शोधावा लागेल.

या स्थानिक वैशिष्ट्याची कदर सरकारी व्याख्यांत होत नाही, होऊ शकत नाही. देशाचे हवामानदृष्ट्या ३६ उपविभाग पाडलेले आहेत. त्यांतील 'कोकण आणि गोवा' हा उपविभाग डहाणूपासून गोव्याच्या दक्षिण टोकापर्यंत पसरलेला असून कर्जत व खालापूर त्यातच येतात. उष्णतेच्या लाटेसाठी सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते, किनारी केंद्रांसाठी ३७ अंश पुरतात. दोन्ही ठिकाणी ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावे लागते. थंडीसाठी सपाट प्रदेशाचा उंबरठा दहा अंशांचा आहे, आणि किनारी केंद्रांवर पारा तितका क्वचितच उतरत असल्याने तेथे पंधरा अंशांपर्यंत उतरलेला पाराही सरासरीपासूनच्या घसरणीनुसार दखलपात्र मानला जातो. कर्जतला किनारी म्हणावे तर उन्हाळ्याच्या तोंडाशी असलेली तेथील नेहमीची दुपार इशाऱ्याच्या उंबरठ्याजवळ जाते. सपाट प्रदेश म्हणावे तर खरोखर असह्य दिवसही व्याख्येबाहेर राहतात. व्याख्या चुकीच्या आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. त्या दोन ठिकाणांसाठी केल्या गेल्या आणि हे तिसरे ठिकाण आहे.

मुंबईची सरासरी जवळची म्हणून उसनी घ्यावी, तर तिच्यातही एकवाक्यता नाही. सांताक्रूझची जानेवारीतील किमान तापमानाची सरासरी १७ अंशांच्या आसपास, तर त्याच शहरातील कुलाब्याची १९ अंशांच्या आसपास आहे. एक केंद्र समुद्राने वेढलेले, दुसरे किंचित आत, आणि तेवढ्यानेच रात्रीत सुमारे दोन अंशांचा फरक. सांताक्रूझचा पारा २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांवर उतरला होता, हा आकडा दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत उगाळला जातो आणि उत्तर कोकणातील प्रत्येक थंड पहाट त्याच्याशी ताडली जाते. पण ज्या मुंबईत दहा-वीस किलोमीटरवर सरासरी बदलते, तिच्यावरून डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्याची थंडी मोजणे हे शेजाऱ्याच्या नाडीवरून आपला ताप ठरवण्यासारखे आहे.

ठिकाणाइतकाच प्रहराचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मध्यम तापमान काढताना दिवस आणि रात्र यांची बेरीज होते आणि दोघांचीही ओळख पुसली जाते. समजा, एखाद्या महिन्यात दुपारचे तापमान दोन अंशांनी चढले आणि पहाटेचे दोन अंशांनी उतरले, तर मध्यम तापमान जागचे हलणार नाही व अहवालात तो महिना 'सर्वसाधारण' म्हणून नोंदला जाईल, जरी शेतातील पिकाने आणि माणसाच्या छातीने तो अत्यंत विषम महिना म्हणून सोसलेला असेल. राष्ट्रीय आकड्यांतही दिवस आणि रात्र वेगळ्या चालीने चालताना दिसतात. २०२४ हे १९०१ पासूनचे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले आणि त्याचे मध्यम तापमान सरासरीहून ०.६५ अंशांनी अधिक होते. पण त्यात कमाल तापमान केवळ ०.२० अंशाने, तर किमान तापमान ०.९० अंशाने चढलेले होते. रात्री उबदार होत आहेत. ज्या प्रदेशाच्या हिवाळ्याचे सारे वैशिष्ट्य रात्रीच्या गारव्यात आहे, त्याच्यासाठी यातला दुसरा आकडाच खरी बातमी आहे.

ती बातमी पिकांनी कशी वाचली असती, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. भाताची कापणी झाल्यावर कर्जत, खालापूर व पनवेलच्या खाचरांत उरलेल्या ओलीवर कडवे वाल घेतले जातात. या पिकाला पाटाचे पाणी नसते, जमिनीत जिरलेला पावसाळा आणि पहाटेचे दव एवढ्यावर ते उभे राहते. रात्र उबदार असली की दव कमी पडते आणि ओल लवकर उडते. आभाळ आले, चार-आठ दिवस मळभ राहिले, की मावा पसरतो. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून शेतातच भाजण्याची रायगडची पोपटी या पिकाच्या भरावर अवलंबून असते, आणि तिचा हंगाम लवकर उरकला की लोक थंडी कमी होती असे म्हणतात. हे विधान ऐकायला ढोबळ वाटते. त्यामागे मात्र दव, ओल आणि रात्रीचे तापमान यांचा असा एकत्रित हिशेब असतो, जो कोणत्याही एका तापमापकात मावत नाही.

आंब्याचे गणित याहून तिढ्याचे. पावसाळ्यानंतरचा कोरडेपणा आणि गार रात्री यांनी आंब्याला मोहोर येतो. रात्री पुरेशा गार झाल्याच नाहीत तर मोहोराऐवजी पालवी फुटते. यावरून जितकी थंडी जास्त तितके पीक चांगले असा समज होऊ शकतो, पण तो खोटा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी लांबली, तर आधीच फळे धरलेल्या डहाळीवर दुसऱ्यांदा मोहोर येतो, झाड आपली शक्ती नव्या मोहोराकडे वळवते आणि कोवळी फळे गळून पडतात. कोकणातील बागायतदार याला पुनर्मोहोर म्हणतात आणि तो रोखण्यासाठी संजीवकाच्या फवारण्या करतात. म्हणजे डिसेंबरमधील दोन अंशांची घट वरदान आणि फेब्रुवारीमधील तीच घट नुकसान. हंगामाची सरासरी या दोन घटना एकमेकींशी अदलाबदल करता येण्याजोग्या मानते. झाड तसे मानत नाही.

राजनाल्याच्या पट्ट्यातील उन्हाळी भाताचा अनुभव आणखी निराळा. भिवपुरी येथे १९२२ पासून टाटांचे जलविद्युत केंद्र आहे. घाटमाथ्यावरचे पाणी वीज निर्माण करून खाली सोडले जाते आणि राजनाल्यातून कर्जत तालुक्याच्या खाचरांना मिळते, त्यामुळे येथे भर हिवाळ्यात भाताची रोपे टाकली जातात. या शेतकऱ्याला कडाक्याची थंडी नको असते, कारण रात्री फार उतरल्या की बियाण्याची उगवण रेंगाळते, रोप पिवळे पडते आणि लावणी लांबते. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासून या भूमीतल्या भाताचा अभ्यास करीत आले आहे, आणि तरीही एकाच तालुक्यात एकाच पहाटे वालवाला थंडीची वाट पाहतो व भातवाला ती ओसरण्याची, ही गोष्ट महिन्याच्या अहवालात कोठेच उमटत नाही.

हिवाळ्यातील पावसाच्या बाबतीत तर सरासरी हा शब्दच निकामी ठरतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात कोकणात बहुतेक वर्षी पाऊस पडत नाही. अधूनमधून एखादे वर्ष मात्र असे उगवते की दोन दिवसांत सगळा हिशेब उलटतो. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात ओखी चक्रीवादळाच्या प्रभावाने आणि डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पश्चिमी झंझावात व अरबी समुद्रातील बाष्प एकत्र आल्याने उत्तर कोकण भिजून निघाला. अशी दोन-तीन वर्षे आणि सत्तावीस-अठ्ठावीस कोरडी वर्षे यांची बेरीज करून तिसाने भागले, तर जी काही मिलिमीटरची सरासरी येते, तेवढा पाऊस कोणत्याच डिसेंबरमध्ये पडलेला नसतो. मग कोरडा डिसेंबर, जो खरा नेहमीचा डिसेंबर आहे, तो 'शंभर टक्के तूट' म्हणून नोंदला जातो, आणि भिजलेला डिसेंबर हजार-दोन हजार टक्के आधिक्य दाखवतो. अशा वेळी मध्यक वापरणे शहाणपणाचे असते. सर्व वर्षांचे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधोमध येणारा आकडा म्हणजे मध्यक, आणि या प्रदेशाच्या डिसेंबरच्या पावसाचा मध्यक शून्य किंवा शून्यालगतच येणार. सरासरी सांगते की थोडा पाऊस पडतो; मध्यक सांगतो की पडत नाही, आणि पडला तर तो आपत्ती म्हणून पडतो.

ही आपत्ती कोणावर कोसळते हेही टक्केवारीत दिसत नाही. पावसाळा संपला की कर्जत, खालापूर, सुधागड या भागांतील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. उन्हात वाळत घातलेल्या कच्च्या विटा एका रात्रीच्या पावसात चिखल होतात आणि आठवड्याचे श्रम वाहून जातात. कापून खाचरात पसरलेले भात, खळ्यावरची रास, कापलेला पेंढा यांचीही तीच गत. हवामानाच्या भाषेत ही एका दिवसाची घटना असते. महिन्याच्या तापमानाची सरासरी तिच्यामुळे जेमतेम हलते, एखाद्या घराचे वर्ष मात्र हलते.

या साऱ्यावर एक आक्षेप घेता येईल व तो हलका नाही. प्रत्येक गावाने आपापली सरासरी मागितली, तर तुलनाच अशक्य होईल. हवामानातील बदल ओळखायचा तर विस्तीर्ण प्रदेशांची सरासरी हवीच, कारण स्थानिक लहरी तिच्यात विरघळून जातात आणि खरा कल उघडा पडतो. हे मान्य करायला हवे. देशाचा फेब्रुवारी शतकाहून अधिक काळातील सर्वांत उष्ण होता, हे विधान कर्जतच्या एकट्या तापमापकावरून कधीच करता आले नसते. परंतु कल ओळखण्यासाठी घडवलेले साधन निर्णय घेण्यासाठी वापरले जाते तेथे गोंधळ सुरू होतो. मोठी सरासरी रोगाचे निदान करते. औषधाची मात्रा ठरवायला रोग्याचे वजन लागते.

ते वजन करण्याची सोय आता काही प्रमाणात झाली आहे. राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पाखाली २०१७ पासून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली, म्हणजे तालुक्याहून लहान अशा दहा-वीस गावांच्या गटाला स्वतःचे तापमान व पाऊस मिळू लागला. फळपिकांच्या हवामानावर आधारित विम्याची भरपाई अशाच केंद्रांच्या नोंदींवरून ठरते, आणि तेथे सरासरीपासूनच्या अंतराऐवजी तापमानाचे व पावसाचे ठरावीक उंबरठे लावले जातात, हे लक्षात घेण्याजोगे आहे: विमा कंपनीला कळते की मोहोर जाळते ते तापमान, त्याचे विचलन नव्हे. मात्र या केंद्रांना दीर्घकालीन सरासरी नाही, कारण त्यांचे आयुष्यच तीस वर्षांचे नाही. आकडे आज मिळतात, ते कशाशी ताडायचे ते मिळत नाही.

केंद्र असणे आणि केंद्र विश्वासार्ह असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा धडा रायगड जिल्ह्यानेच दोन वेळा दिला आहे. मार्च २०१७ च्या अखेरीस भिरा येथे ४६.५ अंशांची नोंद झाली, देशभर ती गाजली, आणि लगोलग तिच्या विश्वासार्हतेवर शंकाही घेतल्या गेल्या. तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, गवताळ मोकळ्या जागी असावा लागतो. भिंत, डांबर किंवा काँक्रीट जवळ आले की तो हवेचे सोडून भिंतीचे तापमान सांगू लागतो. दुसरा धडा शतकापूर्वीचा आणि आदर्शवत. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार आणि तिच्या प्रवाहाने कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून त्या वेधशाळेचे प्रमुख नानाभाई फ्रामजी मूस यांनी चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला हलवली. पण जुने केंद्र लगेच बंद न करता दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता यावी. आज खोपोलीच्या कारखान्यांभोवती, द्रुतगती महामार्गालगत आणि कर्जतच्या शेतघरांच्या गर्दीत एखादे हवामान केंद्र या जागेवरून त्या जागेवर हलवले जाते, तेव्हा अशी दोन वर्षे कोणी थांबावे ही अपेक्षा अवाजवी नाही.

तोवर या दोन तालुक्यांच्या हिवाळ्याविषयी कोणी सरासरीच्या भाषेत बोलले, तर त्याला चार गोष्टी विचाराव्यात: सरासरी कोणत्या केंद्राची, कोणत्या वर्षांची, दिवसाची की रात्रीची, आणि महिन्याच्या कोणत्या पंधरवड्याची. कडाव, नेरळ, चौक किंवा वावोशी परिसरातील केंद्राची नोंद सलग ठेवून ती शेतकऱ्याला मराठीत, हिवाळ्यातही, दरमहा वाचायला मिळेल अशी व्यवस्था करणे हे फार खर्चाचे काम नाही. २०१८ चा जानेवारी पहिला धरला आणि मधला एकही महिना गळला नाही, तर अशा केंद्राचा तिसावा जानेवारी २०४७ मध्ये नोंदला जाईल.